यूएसबी साउंड कार्ड लिनक्सवर गप्प का बसतं?

विंडोजची सवय असलेला माणूस लिनक्सवर यूएसबी साउंड कार्ड चाललं नाही की आधी कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा ड्रायव्हर शोधायला जातो. तिथे तो मिळत नाही, आणि मग 'हे लिनक्सवर चालतच नाही' असं ठरवून टाकतो. खरं तर ड्रायव्हर त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून बसलेला असतो. त्याचं नाव एसएनडी-यूएसबी-ऑडिओ. मूळ फाइलीच्या माथ्यावर २००२ हे साल आणि ताकाशी इवाई यांचं नाव आहे. ॲलन कॉक्स आणि थॉमस सेलर यांच्या आधीच्या ड्रायव्हरमधून बराच कोड घेतल्याची नोंदही तिथेच आहे. स्वस्तातल्या डोंगलपासून आठ माइक लावता येणाऱ्या इंटरफेसपर्यंत जवळपास सगळं हे एकच मॉड्यूल (कर्नलचा हवा तेव्हा लोड होणारा भाग) सांभाळतं.

एका ड्रायव्हरला हे जमतं, कारण यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं मानक ठरलेलं आहे. पहिली आवृत्ती १९९८ची, दुसरी २००६ची, तिसरी २०१६ची. उपकरण जोडलं की ते आपली कुंडली स्वतःच सादर करतं: चॅनल किती, बिट किती, कोणते सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) चालतात, आवाज कमीजास्त करायची सोय आहे की नाही. ड्रायव्हर ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. दुसऱ्या आवृत्तीचा आधार लिनक्समध्ये २०१० साली आला, विंडोजमध्ये अंगभूत ड्रायव्हर म्हणून तो यायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात विंडोजसाठी प्रत्येक कंपनीला आपला वेगळा ड्रायव्हर द्यावा लागे. ड्रायव्हर डाउनलोड करण्याची सवय बऱ्याच अंशी तिथून आली आहे.

तेव्हा शोधायचं ते एवढंच, की आवाज वाटेत कुठे अडतोय. वाटेत चार ठिकाणं आहेत: यूएसबीची तार आणि पोर्ट, कर्नलमधला ड्रायव्हर, त्यावरचा अल्साचा थर (कर्नलची आवाजाची व्यवस्था), आणि सगळ्यात वर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांचा आवाज गोळा करून कार्डाकडे नेणारा प्रोग्रॅम. बहुतेक लोक वरून सुरुवात करतात, सेटिंग्जमधल्या स्लायडरशी झटापट करतात आणि तिथेच थकतात. खालून सुरुवात करा. खालचा थर नीट आहे याची खात्री झाल्याशिवाय वरच्या थराला हात लावू नये, हे मी या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं पथ्य मानतो.

एक सूचना: खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कर्नलचा लॉग

कार्ड काढून ठेवा. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' सुरू करा (कमांडची अक्षरं डी, एम, ई, एस, जी) आणि मग कार्ड लावा. लॉगमध्ये काय उमटतं ते बघा.

काहीच उमटलं नाही, एक ओळसुद्धा नाही, तर ड्रायव्हरचा विषय संपला. कर्नलला काही जोडलं गेल्याचा पत्ताच नाही. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फक्त चार्जिंगची केबल. तिच्यात वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतात. कार्डावरचा दिवा लागतो, म्हणून माणूस फसतो. फोनच्या चार्जरबरोबर आलेली केबल बाजूला ठेवा आणि जिच्यावरून फाइली कॉपी झाल्या आहेत अशी केबल लावा.

'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१' किंवा 'डिव्हाइस नॉट ॲक्सेप्टिंग ॲड्रेस' अशा ओळी आल्या, तर उपकरण दिसलं पण बोलणं जुळलं नाही. उणे ७१ म्हणजे तारेवरून येणारा संदेश बिघडलेला, उणे ११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, उणे ३२ म्हणजे उपकरणाने विनंती नाकारली. पहिले दोन आकडे सुरुवातीलाच आले तर संशय केबलवर, पोर्टवर, हबवर आणि विजेवर घ्या. डेस्कटॉपच्या पुढच्या पॅनेलवरचे पोर्ट आतल्या लांब तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात. तिथे त्रास देणारं कार्ड मागच्या पोर्टात मुकाट चालतं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. माइकला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर पुरवणारा इंटरफेस त्या मर्यादेच्या जवळ जातो, आणि विजेची वेगळी सोय नसलेल्या हबमधून तो चालवला तर फँटमचं बटण दाबताच कार्ड लॉगमधून नाहीसं होऊन पुन्हा उगवतं.

सगळं सुरळीत असेल तर 'न्यू फुल-स्पीड' किंवा 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ येते. हा शब्द नीट वाचा. फुल-स्पीड म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट, हाय-स्पीड म्हणजे ४८०. साधा डोंगल फुल-स्पीडच असतो, त्यात गैर काही नाही. पण चार-आठ चॅनलचा इंटरफेस फुल-स्पीड म्हणून नोंदला गेला, तर बहुधा केबल किंवा हब खराब आहे. असं कार्ड कमी चॅनल दाखवतं किंवा चालतच नाही.

आता 'एलएसयूएसबी -टी' चालवा. झाडासारखी यादी येते, आणि प्रत्येक ओळीत उपकरणाच्या एकेका भागाचा (यूएसबीच्या भाषेत त्यालाही 'इंटरफेस' म्हणतात) ड्रायव्हर व वेग असतो. ऑडिओच्या ओळींवर 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' दिसायला हवं. तिथे ड्रायव्हरची जागा रिकामी असेल, तरच ड्रायव्हर खरोखर गैरहजर आहे. त्याची कारणं मोजकी आहेत. आर्चसारख्या वितरणात कर्नल अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू केलेलं नसतं. चालू कर्नलच्या मॉड्यूलांची फोल्डर तोवर पुसली गेलेली असते, त्यामुळे नवं काही लोड होत नाही. उपाय रीबूट. उबुंटूत हे मॉड्यूल 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या पॅकेजमध्ये असतं आणि छोट्या सर्व्हर प्रतिमांत (इमेजमध्ये) ते पॅकेज वगळलेलं असतं. डेबियनच्या क्लाउड कर्नलमध्ये आवाजाचे ड्रायव्हर नसतातच, तिथे नेहमीचा कर्नल टाकावा लागतो. आणि कधी कधी 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'मॉडप्रोब.डी' मध्ये कुणीतरी पूर्वी लिहिलेली ब्लॅकलिस्टची (हा ड्रायव्हर लोड करू नकोस असं सांगणारी) ओळ पडून असते.

एक खास प्रकार फोकसराइटच्या स्कारलेट तिसऱ्या पिढीचा. नवाकोरा इंटरफेस सुरुवातीला पेन ड्राइव्हसारखा दिसतो, नोंदणीच्या पानाकडे नेण्यासाठी. त्या अवस्थेत त्याच्या काही सोयी बंद असतात. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून इंटरफेस चालू केला की तो त्या अवस्थेतून बाहेर येतो.

'स्ट्रीम०' ही फाइल वाचायला शिका

ड्रायव्हर बसला असेल तर 'कॅट /प्रोक/एसाउंड/कार्ड्स' ने कार्डांची यादी दिसते ('एसाउंड' म्हणजे ए हे अक्षर आणि साउंड, जोडून). समजा आपलं कार्ड १ क्रमांकावर आहे. मग '/प्रोक/एसाउंड/कार्ड१/स्ट्रीम०' ही फाइल उघडा. यूएसबी आवाजाच्या तपासात इतकं नेमकं सांगणारं दुसरं काही नाही, आणि तरीही ती फार थोडे लोक उघडतात.

त्यात प्लेबॅक आणि कॅप्चर असे दोन भाग असतात. प्रत्येकाखाली 'ऑल्टसेट' म्हणून एक किंवा अनेक पर्याय. उपकरणाला चालणारा प्रत्येक साचा इथे लिहिलेला असतो: 'एस१६_एलई' म्हणजे १६ बिट, 'एस२४_३एलई' म्हणजे तीन बाइटांत बसवलेले २४ बिट, पुढे चॅनलची संख्या आणि सॅम्पल रेट. स्वस्त डोंगलच्या कॅप्चर भागात 'चॅनल्स: १' दिसेल. अशा डोंगलकडे दोन चॅनलचं ध्वनिमुद्रण मागितलं की 'चॅनल्स काउंट नॉन अव्हेलेबल' ही त्रुटी येते, आणि लोक माइक खराब समजून परत करतात. माइक ठणठणीत असतो, तो एकाच चॅनलचा आहे इतकंच.

एंडपॉइंटच्या ओळीत कंसात 'असिंक', 'ॲडॅप्टिव्ह' किंवा 'सिंक' असं लिहिलेलं असतं. असिंक म्हणजे घड्याळ कार्डाचं. कार्डच संगणकाला कळवत राहतं की मला डेटा किंचित जास्त दे किंवा किंचित कमी दे. ॲडॅप्टिव्ह म्हणजे कार्ड संगणकाच्या तालावर चालतं. चांगले इंटरफेस असिंक असतात. त्यांच्यात बिघाड झालाच तर तो बहुधा या कळवण्याच्या वाटेत होतो.

आता खरी चाचणी. कार्डावर काहीतरी वाजवत ठेवा आणि तीच फाइल पुन्हा वाचा. 'स्टेटस: रनिंग' आणि खाली 'मोमेंटरी फ्रीक' मध्ये ४८००० च्या आसपासचा आकडा दिसला, तर कर्नलकडून डेटा कार्डाकडे वाहतो आहे. मग ऐकू न येण्याचं कारण पुढे आहे: मिक्सरमध्ये म्यूट, चुकीच्या छिद्रात घातलेला हेडफोन, किंवा इंटरफेसवरचा नॉब. 'स्टॉप' दिसलं तर आवाज कार्डापर्यंत पोहोचलाच नाही आणि कारण वरच्या थरात आहे. एका फाइलीने प्रश्नाचे सरळ दोन तुकडे होतात.

वाजवण्यासाठी पाइपवायरला मध्ये घेऊ नका. थेट अल्साशी बोला: 'स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -सी २ -टी वेव्ह'. यात पहिला 'डी' मोठा, आणि शेवटचा शब्द डब्ल्यू, ए, व्ही अशा तीन अक्षरांचा. 'फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट' असा बायकी आवाज आलटून पालटून यायला हवा. 'प्लगएचडब्ल्यू' ऐवजी नुसतं 'एचडब्ल्यू' लिहिलं तर अल्सा काहीही रूपांतर करत नाही. साचा तंतोतंत जुळला नाही की नकार देतं. म्हणून 'प्लगएचडब्ल्यू' ने वाजलं आणि 'एचडब्ल्यू' ने नाही, तर ती तक्रार नव्हे, 'स्ट्रीम०' मधला साचा आणि तुम्ही मागितलेला साचा वेगळा आहे एवढाच अर्थ.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर कार्ड दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. 'फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' ते कोण हे सांगतं, बहुधा पाइपवायर किंवा ब्राउझर. आणि कमांड नुसती अडकून राहिली, सुमारे दहा सेकंदांनी 'राइट एरर: -५' म्हणाली, तर डेटा गिळायला कार्ड तयार नाही. हे असिंक कार्डांत घड्याळाची सांगड न जमल्यामुळे होतं. मॉड्यूलला 'इम्प्लिसिट_एफबी=१' हा पर्याय देऊन पाहावा (तो कुठे लिहायचा ते पुढे 'क्वर्क_फ्लॅग्ज' च्या ठिकाणी सांगितलं आहे); काही इंटरफेस परतीची माहिती वेगळी न पाठवता ध्वनिमुद्रणाच्या डेटातूनच देतात, आणि ड्रायव्हरला ते प्रत्येक वेळी ओळखता येत नाही.

कार्डाचा क्रमांक रीबूटनंतर बदलतो, त्यावर विसंबू नका. स्क्रिप्टमध्ये क्रमांकाऐवजी नाव लिहा, 'प्लगएचडब्ल्यू:कार्ड=डिव्हाइस' असं; यात 'कार्ड' मोठ्या अक्षरांत आणि नाव यादीत चौकटी कंसात दिसतं तसंच. अनेक स्वस्त डोंगलांचं नाव 'डिव्हाइस' हेच असतं. एकसारखे दोन लावले की दुसऱ्याचं 'डिव्हाइस_१' होतं, आणि पहिला कोण, दुसरा कोण हे कधी उलटंही होतं. दोन माइक दोन डोंगलांवर चालवणाऱ्यांनी यूडेव्हचा (उपकरण जोडल्यावर काय करायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहून पोर्टाच्या पत्त्यावरून नाव बांधून टाकावं. अशा डोंगलांना स्वतःचा अनुक्रमांक क्वचितच असतो, त्यामुळे पोर्ट हीच त्यांची ओळख.

एसएसएचने दुरून लॉगिन करून तपासत असाल तर आणखी एक अडचण येते. 'एप्ले -एल' म्हणतं 'नो साउंडकार्ड्स फाउंड', आणि यादीत कार्ड तर दिसतंय. डेस्कटॉपवर बसलेल्या वापरकर्त्याला आवाजाच्या फाइलींची परवानगी सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) आपोआप देतं. दुरून आलेल्याला ती मिळत नाही. तिथे वापरकर्त्याला 'ऑडिओ' या गटात घालणं योग्य. डेस्कटॉपवर मात्र त्याची गरज नाही, ते कुठे वाचून उगाच करू नका.

मिक्सर

'अल्सामिक्सर -सी १'. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे म्यूट, 'एम' दाबून '००' करा. एफ४ दाबलं की माइकची बाजू दिसते. सी-मीडियाच्या सीएम१०८ घराण्यातल्या डोंगलांत इथे 'ऑटो गेन कंट्रोल' असतं. बोलण्याच्या मधल्या शांततेत मागचा पंखा आणि रस्ता वर उचलला जाण्याचं कारण हेच. मुद्रणासाठी ते बंद करा. प्लेबॅकच्या बाजूला 'माइक' नावाची पट्टी असेल तर ती माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये सोडते. स्वतःचंच बोलणं ऐकू येत असेल तर ती म्यूट करायची. सगळं मनासारखं झालं की 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' (कमांडमध्ये कंट्रोलची अक्षरं फक्त सीटीएल).

'अनलाइकली बिग व्हॉल्यूम रेंज' ही लॉगमधली ओळ घाबरवते, पण तिचा अर्थ इतकाच की कार्डाने आवाजाच्या पायऱ्या विचित्र सांगितल्या आहेत. स्लायडर निम्म्यावर आणेपर्यंत आवाज जवळपास नाहीसा होत असेल तरच तिच्याकडे लक्ष द्या.

माइक मुळीच पकडत नसेल तर मिक्सरआधी जॅक बघा. मोबाइलच्या हेडफोनच्या जॅकवर तीन काळ्या रेघा असतात, माइक आणि स्पीकर एकाच दांड्यात. दोन छिद्रांच्या डोंगलला तो तसाच लावून माइक चालणार नाही. मधे दोन फाटे फोडणारं कनेक्टर लागतं.

पाइपवायरचा थर

खालचं सगळं ठीक असेल, 'स्पीकर-टेस्ट' वाजत असेल आणि ब्राउझर मात्र गप्प, तर आता वर या. 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' मध्ये 'सिंक्स' (आवाज बाहेर जाण्याची ठिकाणं) खाली कार्ड दिसतंय का, आणि चांदणी त्याच्यापुढे आहे का? नसेल तर तिथला क्रमांक घेऊन 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट ५२' असं द्या, ५२ च्या जागी तुमचा आकडा. कार्ड 'डिव्हाइसेस' मध्ये आहे पण 'सिंक्स' मध्ये नाही, तर त्याचं प्रोफाइल 'ऑफ' झालंय. 'पाव्हूकंट्रोल' च्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये ते बदला.

चार आउटपुट असलेल्या इंटरफेसला हा थर कधी कधी घरच्या सराउंड स्पीकरांचा संच समजतो आणि तिसऱ्या-चौथ्या चॅनलला 'मागचे स्पीकर' म्हणतो. 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल निवडलं की सगळे चॅनल नावागावाशिवाय, जसेच्या तसे मिळतात. बेरिंगर आणि फोकसराइटच्या काही इंटरफेसांसाठी 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' या पॅकेजमध्ये चॅनलांची नीट वाटणी केलेली आहे, म्हणून ते पॅकेज जुनं ठेवू नका.

प्रत्येक आवाजाची सुरुवात कापली जाते, 'नमस्कार' मधला 'न' ऐकूच येत नाही, किंवा आवाज सुरू होताना टक् होतं, अशी तक्रार असेल तर कारण ठरलेलं आहे. वायरप्लंबर (पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) पाच सेकंद काही वाजलं नाही की कार्ड झोपवतो, आणि काही डॅकना (डिजिटल आवाज ऐकण्याजोगा करणाऱ्या कार्डांना) उठायला वेळ लागतो. वायरप्लंबरच्या ०.५ आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या '.कॉन्फिग' मधल्या 'वायरप्लंबर/वायरप्लंबर.कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून, 'मॉनिटर.अल्सा.रूल्स' खाली त्या कार्डासाठी 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' शून्य करा आणि वायरप्लंबर पुन्हा सुरू करा. ०.४ मध्ये याच सेटिंग लुआ भाषेत लिहायच्या असत. जुने लेख वाचून ०.५ वर लुआची फाइल ठेवली तर ती दुर्लक्षिली जाते.

कटकट, तडतड आणि तुटणारा आवाज

आवाज येतो पण तडतडतो, हा प्रकार सगळ्यात चिवट, कारण चारही थरांतून तो येऊ शकतो. आधी यूएसबीवरून आवाज जातो कसा हे समजून घेतलं तर तपास सोपा होतो.

फुल-स्पीडवर दर मिलिसेकंदाला एक पाकीट निघतं, हाय-स्पीडवर १२५ मायक्रोसेकंदाला. ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, १६ बिट म्हणजे दर मिलिसेकंदाला ४८ नमुने, १९२ बाइट. ४४.१ किलोहर्ट्झला पाकीट समान पडत नाही, म्हणून नऊ पाकिटांत ४४ नमुने आणि दहाव्यात ४५. ही पाकिटं ज्या पद्धतीने जातात तिच्यात पुन्हा पाठवण्याची सोय नाही. पेन ड्राइव्हवर जाणारा डेटा वाटेत बिघडला तर तो परत पाठवला जातो. आवाजाचं पाकीट बिघडलं की ते गेलं, आणि त्याची खबर तुमच्या कानाला लागते. म्हणूनच ज्या हबवर फाइली बिनचूक कॉपी होतात त्याच हबवर आवाज तडतडू शकतो. हब चांगला आहे याचा तो पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. आवाज सुरू होताना ड्रायव्हर वाहिनीवर ठरावीक जागा आधीच राखून ठेवतो. जागा उरली नसेल तर उणे २८ ही त्रुटी येते. यूएसबी २ च्या हबमध्ये फुल-स्पीड उपकरणांसाठी भाषांतर करणारा एक भाग असतो. स्वस्त हबमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून तो एकच असतो, म्हणजे हबवरचे सगळे डोंगल आणि हेडसेट मिळून १२ मेगाबिटच वाटून घेतात. 'एलएसयूएसबी -व्ही' मध्ये हबच्या माहितीत 'सिंगल टीटी' की 'टीटी पर पोर्ट' हे वाचता येतं. शेजारी वेबकॅम असेल तर आणखी अडचण: ६४० गुणिले ४८० चं न दाबलेलं चित्र सेकंदाला ३० वेळा म्हणजे जवळपास १४७ मेगाबिट. वेबकॅम एका पोर्टात, साउंड कार्ड दुसऱ्या बाजूच्या पोर्टात, आणि 'एलएसयूएसबी -टी' मध्ये दोघं वेगवेगळ्या 'बस' खाली आहेत याची खात्री, इतकं केलं की बरेचदा प्रश्न मिटतो.

तिसरं, वीज वाचवणारी साधनं. 'पॉवरटॉप --ऑटो-ट्यून' यूएसबीची सगळी उपकरणं झोपू देतं. टीएलपी या तशाच साधनाच्या सध्याच्या आवृत्त्या आवाजाची उपकरणं आपणहून वगळतात, पॉवरटॉप वगळत नाही. '/सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस' खाली आपल्या कार्डाच्या फोल्डरमधल्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलीत 'ऑटो' असेल तर 'ऑन' लिहून पाहा. फरक पडला तर यूडेव्हच्या नियमाने ते कायम करा.

मग 'पीडब्ल्यू-टॉप'. तिथे 'ईआरआर' हा रकाना आहे. तडतड ऐकू येते तेव्हा आकडा वाढत असेल, तर डेटा वेळेवर पोहोचत नाही, म्हणजे तुमच्याच यंत्राची धावपळ. बफर मोठा करून बघा: 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४'. ४८ किलोहर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे २१.३ मिलिसेकंद. १०२४च्या जागी शून्य दिलं की सक्ती उठते. आकडा वाढत नाही आणि तडतड होतेच, तर पाइपवायर निर्दोष; केबल, हब आणि घड्याळाकडे परत जा.

सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा दोष आहे. दोन पिनांचा चार्जर, भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नाही, किंवा स्पीकर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटांवर, यातलं काहीतरी सापडेल. कर्नलमध्ये कुठलाही पर्याय बदलून ती जाणार नाही.

सूर वर-खाली होतो तेव्हा

४४.१ किलोहर्ट्झचं मुद्रण कार्डाने ४८ च्या वेगाने वाजवलं तर सूर सुमारे दीड स्वर-पट्टीने चढतो. काळी चारमध्ये गायलेलं पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधे कुठेतरी ऐकू येतं. गाणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, नुसतं बोलणं मुद्रित करणाऱ्याला आवाज 'जरा पातळ' वाटतो इतकंच. लॉगमध्ये याची खूण स्पष्ट असते: 'करंट रेट १६००० इज डिफरंट फ्रॉम द रनटाइम रेट ४८०००' अशा धाटणीची ओळ. कार्डाला एक रेट सांगितला, ते दुसऱ्यावर चालतंय. बहुतेक इंटरफेसांत ऐकणं आणि मुद्रण दोन्हीला घड्याळ एकच असतं, त्यामुळे एक प्रोग्रॅम ४४.१ वर वाजवतोय आणि दुसरा ४८ वर मुद्रण मागतोय, ही मागणीच अशक्य आहे. सगळीकडे ४८ ठेवा.

'क्लॉक सोर्स इज नॉट व्हॅलिड' ही ओळ डिजिटल इनपुट असलेल्या इंटरफेसांत येते. इंटरफेस बाहेरच्या घड्याळाची वाट बघतोय आणि ती तार लावलेलीच नाही. मिक्सरमधून किंवा इंटरफेसवरून घड्याळ 'इंटर्नल' करा.

आणि 'कॅनॉट गेट फ्रीक ॲट ईपी' ही ओळ. कार्डाला रेट ठरवता येतो, पण 'सध्या कोणता आहे' हे विचारलेलं समजत नाही. आवाज नीट असेल तर ती सोडून द्या. पण काही कार्डं हा प्रश्न विचारल्यावर गोठतात किंवा सुरू व्हायला कित्येक सेकंद घेतात. त्यांच्यासाठी कर्नल ५.१५ पासून 'क्वर्क_फ्लॅग्ज' (कार्डाच्या विचित्र सवयींसाठीच्या सवलती) हा पर्याय आहे. ०एक्स१ दिलं की ड्रायव्हर तो प्रश्न विचारतच नाही. ०एक्स४००० मिक्सरच्या त्रुटींकडे कानाडोळा करतं, ०एक्स२००० कार्डाला झोपू देत नाही, ०एक्स१०० प्रत्येक आज्ञेनंतर २० मिलिसेकंद थांबतं. दोन गोष्टी हव्या असतील तर बेरीज, तीही सोळाच्या पायावर.

हे '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये '.कॉन्फ' ने संपणाऱ्या नव्या फाइलीत 'ऑप्शन्स एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' ने सुरू होणाऱ्या ओळीत लिहायचं, आणि त्याच ओळीत 'व्हीआयडी' व 'पीआयडी' (कंपनीचा आणि उत्पादनाचा क्रमांक) देऊन ते एकाच कार्डापुरतं बांधायचं. हे दोन आकडे 'एलएसयूएसबी' च्या ओळीत मधल्या विसर्गासारख्या खुणेच्या अलीकडे-पलीकडे असतात. तुमच्या कर्नलला ते नेमके कसे लिहिलेले हवेत हे 'मॉडइन्फो एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' सांगतं, आधी ते पाहा. एक धोका लक्षात ठेवा. ड्रायव्हरमध्ये शेकडो कार्डांसाठी अशा सवलती आधीच लिहिलेल्या आहेत. तुम्ही आकडा दिला की तो त्यांत मिळवला जात नाही, त्यांच्या जागी बसतो. म्हणजे ज्या कार्डाला कर्नल आधीच काही सवलत देतोय, ते तुमच्या आकड्याने आणखी बिघडू शकतं. आणि एका वेळी एकच फ्लॅग बदला.

मॉड्यूल काढून पुन्हा लावायचं तर पाइपवायर, वायरप्लंबर आणि पाइपवायरचं सॉकेट तिन्ही थांबवावी लागतात, नाहीतर 'मॉड्यूल इज इन यूज' येतं. त्यापेक्षा रीबूट सुटसुटीत.

फ्लॅगने काम झालं की ते स्वतःपुरतं ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. ड्रायव्हरच्या 'क्वर्क्स.सी' फाइलीत त्या कार्डासाठी एक ओळ वाढली की पुढच्या कर्नलपासून ते कार्ड घेणाऱ्या कुणालाच हा खटाटोप करावा लागत नाही. कर्नलच्या आवाज विभागाकडे पाठवताना चार गोष्टी हव्यात: 'अल्सा-इन्फो' या स्क्रिप्टचं पूर्ण उत्तर, 'एलएसयूएसबी -व्ही -डी' ला कार्डाचे ते दोन आकडे देऊन मिळालेली माहिती, कार्ड लावल्यापासूनचा कर्नलचा लॉग, आणि कोणत्या फ्लॅगने फरक पडला ते. शक्य असेल तर सगळ्यात नव्या कर्नलवर एकदा पाहून मगच लिहा. तुमच्या वितरणातला कर्नल जुना असेल तर ती ओळ कदाचित आधीच लिहिली गेलेली असते.